चार बोटांची जागा

“पण उस्ताद, ह्याला स्कोप किती हाय, तेवढं सांगा की.”

अभिनंदननं हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता.

दस्तगीर उस्ताद बशीतला चहा फुंकत होते. पहिल्या वेळी त्यांना तो ऐकू आला नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी ऐकू आला नाही असं दाखवलं. तिसऱ्या वेळी बशी खाली ठेवली.

“स्कोप म्हंजे काय रे?”

अभिनंदन माझ्याकडं बघायला लागला.

मी त्या साखर कारखान्याचा स्टोअरकीपर. बॉयलरशेजारी पत्र्याची शेड आहे, तिथं उस्तादांची बसायची जागा, आणि माझी वेल्डिंग रॉडची खोली तिला लागूनच. मधली भिंत पत्र्याची, तिला रॉड द्यायची माझी खिडकी. त्यामुळं हे सगळं मी ऐकलं. ऐकायचं नव्हतं असं काही म्हणणार नाही.

हंगाम संपला की बॉयलर गार होतो आणि त्याच्या पोटातल्या नळ्यांची दुरुस्ती निघते. झिजलेली नळी कापायची, नवी बसवायची, वेल्डिंग करून सांधायची. उस्ताद हे काम अडतीस वर्षं करत होते. त्यांच्या हाताखाली पोरं शिकायला येत. काही टिकत, काही डबा विसरून पळून जात.

अभिनंदन मगदूम चार महिन्यांपूर्वी आला. आयटीआयला वेल्डिंगमध्ये जिल्ह्यात पहिला. हे त्यानं मला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, मी विसरलो असेन म्हणून.

आज मात्र पोरगा खरंच पेचात होता.

पुण्याच्या मामाचं मोबाइलचं दुकान वाढलं होतं. काउंटरवर त्याला घरचा माणूस पाहिजे होता. आज पाचपर्यंत हो म्हटलं नाही तर मामा दुसरा ठेवणार होता. वडिलांनी सकाळी निघताना बजावलं होतं, की उस्तादांना विचार, वेल्डिंगला स्कोप असेल तर राहा, नसेल तर रात्रीची एसटी पकड. पाचला फोन करतो.

आमच्या भागात ह्या शब्दाचं मोठं प्रस्थ आहे. पोरगं दहावी होऊ दे की डी.एड., आधी स्कोप विचारतात. मी बायको बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, “स्टोअरकीपरीला स्कोप आहे का?” मी छाती काढून हो म्हणालो. तेव्हापासून मी ह्याच खुर्चीवर आहे.

“स्कोप म्हंजे...” अभिनंदननं सुरुवात केली. “पुढं काम मिळंल का, किती मिळंल, कुठवर मिळंल.”

“हे तर तीन झालं. मी एक विचारलं.”

अभिनंदन अडला.

मला राहवेना. “वाव,” मी खोलीतूनच म्हणालो. “मराठीत वाव म्हणतात, उस्ताद.”

“वाव म्हंजे काय, स्टोअरवाले?”

आता मीही अडलो. रोजचा शब्द, पण कुणी असा हातात धरून विचारला नव्हता.

“जागा,” मी म्हणालो. “शिरायला जागा.”

उस्तादांचा चेहरा उजळला.

“जागा व्हय! मग सरळ जागा म्हणा की.”

आणि त्यांनी बशी पुन्हा उचलली.

...

अभिनंदननं खिशातून मोबाइल काढला.

“हे बघा. ह्यात लिहिलंय, येत्या काळात लाखांनी वेल्डर लागणार. आन् हे दुसरं. ह्यात लिहिलंय, रोबोट येणार, वेल्डर घरी बसणार. खरं कुठलं धरायचं?”

“रोबोट कसा असतो?” उस्तादांनी विचारलं.

“असा... एक लांब हात असतो. लोखंडी.”

“दमत न्हाई?”

“न्हाई.”

“चहा?”

“न्हाई ओ उस्ताद.”

“डोळं चुरचुरत न्हाईत?”

“डोळंच नसत्यात.”

उस्ताद पुढं सरकले. “कधी बघितलास?”

“व्हिडिओत.”

“मला दाखव.”

दोघांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला. मोटारीच्या सांगाड्यावर ठिणग्या उडत होत्या आणि माणूस कुठंच नव्हता. उस्ताद लहान पोरासारखे बघत होते. मला वाटलं, आता हे रागावतील, निदान उदास तरी होतील.

“काय सरळ रेघ मारतंय!” ते म्हणाले. “किती मोठा असंल?”

“ह्या शेडच्या निम्मा तरी.”

“बॉयलरच्या भोकातनं आत जाईल?”

बॉयलरमध्ये शिरायला एक गोल तोंड असतं. माणूस आधी हात, मग डोकं, मग खांदा तिरका करून आत जातो.

“न्हाई जायचा,” अभिनंदन म्हणाला.

“मग भायेरचं त्याला दिऊ या,” उस्ताद म्हणाले, आणि व्हिडिओ तिसऱ्यांदा लावायला सांगितला.

...

“तुमच्या हाताखाली शिकले, त्यांचं काय झालं?” अभिनंदननं आता दुसरी वाट धरली.

“कुणाचं?”

“सगळ्यांचं.”

उस्ताद बोटांवर न मोजता सांगू लागले. एक मस्कतला, तेलाच्या पायपांवर. एक गुजरातेत हजिऱ्याला. दोघं जयसिंगपूरला गेट-ग्रिल करतात, एकमेकांच्या समोरासमोर, बोलत नाहीत. एकाचे डोळे गेले, कारण काच न लावता टाके मारायचा आणि सांगून ऐकायचा नाही. एक रिक्षा चालवतो.

“रिक्षा?”

“त्याचा हात समद्यांत चांगला होता.”

“मग का सोडलं?”

“एकदा आत गेला, भायेर आला, हसला, आन् गेला.”

“म्हंजे कुणाचं जमलं, कुणाचं न्हाई.”

“व्हय.”

“मग माझं?”

उस्तादांनी बशीत आणखी चहा ओतला.

अभिनंदनला ते लागलं. त्यानं पिशवीतून परीक्षेचा नमुना काढला. हा नमुना कारखान्यात शिपायापासून चीफ केमिस्टपर्यंत सगळ्यांनी पाहिला होता. लोखंडाच्या दोन पट्ट्या, मध्ये वेल्डिंगची ओळ, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली. खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं.

“हे बघून सांगा. असं काम करणाऱ्याला स्कोप हाय का न्हाई?”

उस्तादांनी पट्टी हातात घेतली. ओळीवरून अंगठा फिरवला.

“झकास.”

अभिनंदन फुलला.

मग उस्तादांनी पट्टी उलटी केली.

“आन् मागनं?”

मागच्या बाजूला काही नव्हतं. दोन पट्ट्यांमधली फट होती तशी दिसत होती.

“मागनं कोण बघतंय? परीक्षेत पुढनंच बघत्यात.”

उस्तादांनी पट्टी त्याच्या हातात परत दिली. उलटीच दिली.

...

“जागा किती हाय हे मोजल्याबिगर मी कसं सांगू?” थोड्या वेळानं ते म्हणाले. “जा, मोजून ये.”

“कुठं?”

“बॉयलरात. भितीकडची सातवी नळी. नळी आन् भीत, मधी जागा किती, तेवढं बघून ये.”

“उस्ताद, मी नोकरीचं विचारतोय.”

“मी कुठं दुसरं सांगतोय?”

अभिनंदननं माझ्याकडं बघून डोळे फिरवले. पण गेला. मोठ्या माणसानं सांगितलं की तोंडानं कुरकुर करत पायानं जायचं, एवढं वळण आमच्याकडच्या पोरांना अजून आहे.

दहा मिनिटांनी बाहेर आला. नाकापासून गुडघ्यापर्यंत काजळी.

“चार बोटं.”

“टेप न्हेला न्हाईस?”

“तुम्ही कुठं सांगितलं? बोटांनी मोजलं. चार बसत्यात, पाचवं न्हाई.”

उस्तादांनी मान हलवली. “तीन हायत.”

“चार हायत, उस्ताद.”

“पोरा, मी त्या नळीला तुझ्या जन्माच्या आधीपासनं वळखतो.”

“मग आधीपासनं किती होती?”

उस्ताद थांबले.

“आधी... चारच होती,” ते हळू म्हणाले. “मागच्या वर्षी तीन झाली.”

अभिनंदनच्या कपाळावरची आठी गेली. पहिल्यांदाच तो स्कोप विसरला.

“म्हंजे भीत सरकली?”

“काय म्हाईत.”

“बॉयलरची भीत सरकत असती व्हय?”

“मी कधी सरकताना बघितली न्हाई.”

खरं सांगतो, माझेही हात चुळबुळायला लागले. मी कपाट उघडून बॉयलरचा जुना नकाशा काढला. कोपरे उंदरांनी खाल्ले होते, पण आकडा शाबूत होता. मग टेप घेतला आणि अभिनंदनच्या हातात दिला.

“जा बाबा. एकदा निकाल लाव.”

ह्या वेळी तो पळतच गेला. आतून त्याचा आवाज आला, घुमत, घागरीत बोलल्यासारखा.

“पासष्ट मिलिमीटर!”

मी नकाशावर बोट ठेवलं. पासष्ट.

बॉयलर बसवला त्या दिवसापासून भिंत जागची हललेली नव्हती.

...

अभिनंदन बाहेर आला आणि उस्तादांसमोर उभा राहिला. विजय त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

“बघा. मी म्हटलं नव्हतं? चार म्हंजे चार.”

उस्तादांनी आपला उजवा हात बाकावर ठेवला. पालथा.

“तुझा ठेव.”

अभिनंदननं शेजारी आपला हात ठेवला.

त्याची बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी लांब आणि बारीक होती. उस्तादांची प्रत्येक पेराला सुजलेली, फुगलेली. तीन बोटं मिळून त्याच्या चारांएवढी भरत होती.

अकरा वर्षं मी त्या हातात रॉडचे पुडे देत होतो आणि एकदाही तो हात मी पाहिला नव्हता.

अभिनंदन दोन्ही हातांकडं आळीपाळीनं बघत राहिला. तोंडावरचा विजय कुठं गेला ते त्यालाही कळलं नसावं.

“मग मागच्या वर्षी...” तो म्हणाला. “मागच्या वर्षी त्या नळीला वेल्डिंग कुणी केलं?”

“मी.”

“हात गेला?”

“गेला.”

“आन्...”

“भायेर येईना.”

उस्तादांनी बाही वर सारली. मनगटाभोवती पांढरट वण होता, बांगडीसारखा गोल.

“मग?”

“मग काय! काढला.”

त्यांनी बाही खाली केली आणि उरलेला गार चहा पिऊन टाकला.

...

नंतर उस्ताद उठले, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली, आणि आतून एक आरसा काढला. तळहाताएवढा, गोल, दाढीच्या सामानात असतो तसा. मागं तार गुंडाळलेली.

तो त्यांनी अभिनंदनच्या हातात दिला.

अभिनंदननं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याचे डोळे एकदम मोठे झाले.

“समजलं, उस्ताद.”

“समजलं?”

“समजलं. स्कोप भायेर नसतोच. मोबाइलमधी नसतो, मामाच्या दुकानात नसतो. स्कोप आपल्या आत असतो. माणसानं आधी सोताकडं बघावं... असंच ना?”

त्याचा आवाजही बदलला होता. कीर्तनात बसल्यासारखा गंभीर झाला होता. मीसुद्धा खोलीत मान डोलावली. उस्तादांच्या मनात एवढं खोल काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

उस्ताद त्याच्याकडं बघतच राहिले.

“अरे, सोताकडं काय बघतोस? तोंड काजळीनं भरलंय तुझं,” ते म्हणाले. “नळीची पाठ बघायला दिलाय त्यो.”

मी हसू दाबायला रॉडच्या पुड्याआड गेलो. माझी मान आधीच डोलावून झाली होती, हे तिथं कुणाला दिसलं नाही ते बरं झालं.

...

गोष्ट अशी होती.

बॉयलरमधल्या नळीच्या पुढच्या अंगाला वेल्डिंग करणं सोपं. समोर दिसते, हात पोचतो. पण नळी गोल आहे, तिला पाठही आहे, आणि ती पाठ भिंतीकडं आहे. त्या फटीत हात जातो, डोकं जात नाही. मग भिंतीला आरसा टेकवायचा, आणि दोन नळ्यांच्या मधून त्या आरशात बघत पाठीचं वेल्डिंग करायचं.

शेडच्या मागं उस्तादांनी शिकवण्यापुरती तशी मांडणी केली होती. विटांची भिंत, तिच्यासमोर उभ्या रोवलेल्या दोन नळ्या, मध्ये तेवढीच जागा. मी ती रोज बघत होतो. कुणीतरी अर्धवट सोडलेली मोरी असावी असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

अभिनंदननं आरसा तारेनं बांधला. डोळ्यांपुढं काळी काच ओढली. रॉड वाकवला आणि हात आत घातला.

ठिणगी पडली, आणि रॉड नळीला चिकटून बसला.

“परत.”

पुन्हा चिकटला.

“हात उलटा जातोय!” अभिनंदन काचेआडून ओरडला. “मी भितीकडं न्हेतोय आन् आरशात त्यो माझ्याकडं येतोय!”

“व्हय.”

“मग कुठल्या हाताचं ऐकू?”

उस्तादांनी जरा विचार केला. त्यांना प्रश्न आवडलेला दिसला.

“हाताचं बघूच नगो. लोखंड जिथं वितळतंय, तेवढंच बघ. हात यील मागनं.”

तिसऱ्या वेळी थोडं जमलं आणि बिघडलं. चौथ्या वेळी त्यानं काच वर केली, घाम पुसला आणि कुणाशी न बोलता हाताची कोपरापासूनची ठेवणच बदलली. सहाव्या वेळी आवाज सलग आला.

जिल्ह्यात पहिला आलेला पोरगा, आणि काम झालं ते बघवत नव्हतं. गुठळ्या, खळगे, ओळ वाकडी. अभिनंदननं ते आरशात बघितलं आणि मान खाली घातली.

“हे कुणाला दाखवायचं न्हाई,” तो म्हणाला.

उस्तादांनी आपलं जाड बोट फटीत घालून नळीची पाठ चाचपली. पोचेल तेवढी चाचपली.

“आता मागनं हाय,” ते म्हणाले.

अभिनंदननं चटकन वर बघितलं.

...

चार वाजून गेले होते.

उस्ताद परत बाकावर येऊन बसले. अभिनंदन शेजारी बसला. मोबाइल त्याच्या बाजूला होता, पण तो हातातला आरसा उलटसुलट करत होता.

आता तो पुन्हा स्कोप विचारणार, असं मला वाटलं. पाचला जेमतेम पाऊण तास होता.

“उस्ताद.”

“हं.”

“आत अंधार असतो. आरशात दिवा कसा धरायचा?”

“दिवा आरशावर न्हाई. भितीवर मारायचा.”

“आन् सातव्या नळीला सुरुवात खालनं का वरनं?”

“तुला काय वाटतं?”

“खालनं.”

“का?”

“वरनं केलं तर वितळलेलं हातावर यील.”

उस्तादांनी मनगट खाजवलं.

“ती सातवी नळी,” अभिनंदन म्हणाला, “ती ह्या साली बदलायचीय ना?”

“परवा कापायची. कामातनं गेली.”

“मग आज तिच्यावर करून बघू? पाठीमागनं?”

उस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी मान डोलावली. कापायच्या नळीवर शिकायला कुणाची हरकत नव्हती, आणि पंखा, दिवा, सगळं जोडलेलं होतं.

“कर. चुकलं तर बॉयलरचं काय जात न्हाई,” उस्ताद म्हणाले.

अभिनंदन उठला. त्यानं परीक्षेची पट्टी पिशवीत टाकली आणि मोबाइल माझ्या खिडकीत ठेवला.

“अण्णांचा फोन आला तर सांगा मला,” तो म्हणाला, आणि बॉयलरच्या गोल तोंडाशी गेला. आधी हात, मग डोकं, मग खांदा तिरका.

...

उस्तादांनी आपला स्टूल त्या तोंडाशी नेला आणि बसले. आत बघितलं नाही. डोळे मिटून घेतले.

आतून आवाज यायला लागला. आधी तडतड, मग शांतता. पुन्हा तडतड. रॉड चिकटला की उस्तादांच्या भुवया जवळ येत. सुटला की लांब होत.

मी काम सोडून तिथंच उभा राहिलो. स्टोअर उघडं होतं. असू दे म्हटलं.

पुन्हा शांतता... ह्या वेळची लांबली. मला वाटलं, संपलं. बाहेर येईल, हसेल, आणि जाईल.

उस्ताद हलले नाहीत.

मग आवाज सुरू झाला, आणि ह्या वेळी तुटला नाही. बारीक आचेवर कांदा परतावा तसा एकसारखा, दमानं. उस्तादांचा उजवा हात मांडीवर होता. त्याची सुजलेली बोटं आपोआप थोडी थोडी वळत होती, आत जे चाललं होतं त्याच्या चालीनं.

खिडकीत मोबाइल वाजला. पाच.

मी घेतला.

“कोण? स्टोअरकीपर साहेब व्हय? अभिनंदन कुठंय?” वडिलांचा आवाज मोठा होता, घाईतल्या माणसाचा. “काय म्हणाले उस्ताद? मामा तिकडं खोळंबलाय. हो का न्हाई, एवढंच सांगायचंय त्याला.”

“थांबा, देतो,” म्हणून मी बॉयलरच्या तोंडाशी धावलो.

“अभिनंदन! अण्णांचा फोन! हो का न्हाई विचारतायत!”

आतला आवाज थांबला नाही.

“अभिनंदन!”

“थांबायला सांगा!” आतून हाक आली, घुमत. “बोटभर ऱ्हायलंय!”

“अरे, मामा...”

“मामाला म्हणावं बघ दुसरा कोण! आता हात काढला तर जोड तुटंल!”

मी फोन कानाला लावला. वडिलांनी ते ऐकलं होतं. पलीकडं नुसता श्वास. चिडले होते की घाबरले होते, सांगता येत नाही. पोराच्या बापाचा श्वास होता तो.

“उस्तादांना द्या,” मग ते म्हणाले. आवाज खाली आला होता. “मी माझ्या कानानं ऐकतो. स्कोप हाय का न्हाई?”

मी फोन उस्तादांपुढं धरला. अकरा वर्षांत ते कुणाच्या बापाशी फोनवर बोललेले मी पाहिले नव्हते. त्यांनी डोळे उघडले, फोन घेतला, कानापासून वीतभर लांब धरला.

आत कांदा परतत होता.

“मगदूम अण्णा,” उस्ताद म्हणाले, “माझ्या हातानं जागा मोजली तर तीनच बोटं भरली. तुमच्या पोराच्या हातानं चार भरत्यात.”